ओटीजीचा रॉड बदलताना: आधी मोजा, मग पाना हातात घ्या

दिवाळीला आठ दिवस राहिले होते आणि माझ्या ओटीजीतल्या नानकटाया वरून भाजलेल्या, खालून ओल्या निघायला लागल्या. पहिल्या ट्रेला मैद्याला दोष दिला. दुसऱ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, तूप जास्त झालं असेल. तिसरा ट्रे आत गेल्यावर वाकून काचेतून बघितलं तेव्हा दिसलं, की खालचे दोन्ही रॉड काळेच आहेत. ऑर्डरीचे ट्रे त्या वर्षी गल्लीच्या टोकाच्या बेकरीत नेऊन भाजून आणले. ओव्हन नीट व्हायला मात्र पुढे सव्वा महिना गेला, आणि त्यातला बहुतेक वेळ चुकीचा रॉड बसवून घेण्यात आणि तो पुन्हा काढण्यात गेला.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत आता घरून केक-बिस्किटं करणाऱ्या बायका आणि मुलं पुष्कळ आहेत. कंपनीचं सर्व्हिस सेंटर प्रत्येक गावात नसतं. म्हणून मला जे ठेचा खाऊन कळलं ते क्रमानं लिहिते. विजेच्या कामाची सवय नसेल तरी पहिल्या चार पायऱ्या तुम्ही स्वतः करू शकता. पुढचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलंत तरी तो काय करतोय हे तुम्हाला समजेल.

१. ओव्हन कोणता आहे ते आधी ठरवा

हा लेख ओटीजीसाठी आहे, म्हणजे टेबलावर ठेवायचा, आत वर-खाली रॉड दिसतात तो. मायक्रोवेव्ह असेल तर इथेच थांबा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्येही तापणारी कॉईल असते, पण त्याच डब्यात दोन हजार व्होल्टच्या वर जाणारा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. तो घरी उघडायचा नाही, अगदी बघण्यापुरतासुद्धा नाही. बेकरीचा थ्री-फेजवर चालणारा मोठा ओव्हनही परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच काम आहे.

ओटीजीतले रॉड दोन प्रकारचे. एक स्टीलच्या नळीचा: आत नायक्रोमची बारीक तार गुंडाळलेली आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी दाबून भरलेली. दुसरा क्वार्ट्झच्या काचेच्या नळीचा, ज्यात तार दिसते. स्टीलचा रॉड आतून तुटला की दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. ‘आतून जोडून देतो’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दुरुस्ती होते ती टोकांची: सैल स्क्रू, जळालेलं थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी), करपलेली वायर. आणि पुष्कळदा बिघाड तिथेच असतो.

२. भिंतीपासून सुरुवात करा

ओव्हन १६ अँपिअरच्या, जाड पिनांच्या सॉकेटला लावलेला आहे ना? पंधराशे वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर ओढतो, लहान सॉकेटची मजल सहाची असते. अ‍ॅडॉप्टर लावून लहान सॉकेटवर चालवला तर पिना तापतात, प्लास्टिक पिवळं पडतं आणि ओव्हन मधूनच बंद पडतो. त्याच सॉकेटला इस्त्री लावून बघा. इस्त्री तापली तर सॉकेट ठीक आहे.

ओव्हन तापतो पण वेळ फार घेतो, अशी तक्रार असेल तर व्होल्टेजचा संशय घ्या. खानापूर तालुक्यातल्या माझ्या नणंदेचा फोन आला होता, “वहिनी, ओव्हन तापंनाच झालाय, केकला तास लागतोय.” रॉड चारही लाल होत होते. तिच्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर संध्याकाळी २०० व्होल्ट दिसायचे. व्होल्टेज २३० वरून २०० वर आलं की रॉडची उष्णता तेरा टक्क्यांनी नव्हे, जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटते, कारण वॅट हे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. पंधराशेचा ओव्हन अकराशे-साडेअकराशेचा होतो. तिथे नवा रॉड घालून काहीही साधलं नसतं. हेस्कॉमकडे, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडे, १९१२ वर तक्रार नोंदवली आणि तोवर ती केक दुपारी करू लागली.

३. न उघडता मोजा

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन हेलपाटे वाचले असते. दोन-तीनशे रुपयांत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो, तो घ्या. प्लग सॉकेटमधून काढून हातात घ्या. मीटर २०० ओहमवर ठेवा. दोन्ही टोकं एकमेकांना लावल्यावर शून्याच्या जवळ आकडा आला पाहिजे. अर्धा-एक ओहम दाखवला तर तेवढा पुढच्या मापातून वजा करा.

आता ओव्हनचा टायमर फिरवून चालू ठेवा, तापमानाचा नॉब पूर्ण वर न्या आणि सिलेक्टर फक्त खालच्या रॉडवर ठेवा. पंखा किंवा तंदूरची फिरती सळई असेल तर ती बंद. प्लगच्या दोन बारीक पिनांना मीटरची टोकं लावा. तिसरी, सर्वांत जाड आणि लांब पिन अर्थची, तिला आत्ता हात लावू नका. आकडा वाचा. मग सिलेक्टर वरच्या रॉडवर नेऊन पुन्हा वाचा.

किती आकडा यायला हवा? ओव्हनच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. ५२,९०० ला वॅटने भागा (५२,९०० म्हणजे २३० गुणिले २३०), की ओहम मिळतात. ७५० वॅटला साधारण ७० ओहम, १००० ला ५३, १५०० ला ३५, २००० ला २६. थंड रॉड थोडा कमी दाखवतो, दोन-चार ओहमच्या फरकानं घाबरू नका. पट्टीवरचा आकडा पूर्ण ओव्हनचा असतो. माझा १५०० वॅटचा, म्हणजे वरची जोडी ७५० आणि खालची ७५०. वर मोजलं तेव्हा ६९ आले. खाली मीटरनं नुसता डाव्या कडेला १ दाखवला. स्वस्त मीटरवर असा एकटा १ म्हणजे वाट तुटलेली आहे, ‘एक ओहम’ असा अर्थ नव्हे.

वर-खाली दोन्हीकडे वाट तुटलेली दिसली तर रॉडवर आळ घेऊ नका. दोन्ही जोड्या एकाच दिवशी जाणं क्वचितच घडतं. टायमर, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज किंवा प्लगची वायर यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. एकाच बाजूला वाट तुटलेली असेल तर रॉड किंवा त्याची टोकं, किंवा फार झालं तर सिलेक्टर.

४. कागद आणि साहित्य जमवा

वॉरंटी कार्ड आणि खरेदीचं बिल शोधा. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नका, उघडलेला ओव्हन कंपनी नाकारू शकते. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. वॉरंटी संपली असेल तर मागच्या पट्टीचा फोटो काढा, त्यात मॉडेल नंबर, वॅट आणि व्होल्ट स्पष्ट आले पाहिजेत.

साहित्य फार नाही: मीटर, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, लहान पाना, पक्कड, टेप किंवा पट्टी, मार्कर, स्क्रू ठेवायला वाटी, आणि जाड हातमोजे. पत्र्याच्या आतल्या कडा पात्यासारख्या असतात. माझ्या अंगठ्यावर त्याची खूण अजून आहे. काही ओव्हनमध्ये भिंतींच्या मधे काचेची लोकर असते, ती असेल तर नाकाला रुमाल बांधा. नव्या वायरीची गरज पडली तर हीटप्रूफ वायर मागा, फायबर ग्लासच्या किंवा सिलिकॉनच्या आवरणाची. घरातल्या बोर्डाची साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतची असते, ओव्हनच्या कुशीत ती वितळते.

५. उघडा, पण प्रत्येक पायरीला फोटो

प्लग काढून, गुंडाळून, डोळ्यांसमोर ठेवा. घरात लहान मुलं असतील तर हे विशेष पाळा. ओव्हन निदान तासभर थंड होऊ द्या. जाळ्या, ट्रे, खालचा चुऱ्याचा ट्रे बाहेर. ओव्हन चादरीवर आडवा ठेवून मागचे आणि बाजूचे स्क्रू काढा. वेगवेगळ्या लांबीचे असतात, कुठला कुठून आला ते वाटीत चिठ्ठी घालून ठेवा. रॉडची टोकं दोन्ही बाजूंच्या पत्र्यांमागे असतात, त्यामुळे एकच बाजू उघडून भागत नाही.

वायर सुटी करण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर पत्र्याला जिथे स्क्रूनं बसवली आहे तो फोटो वेगळा काढा.

आता नुसतं बघा. थिंबल काळं पडलंय का, स्क्रू हलतोय का, वायरीचं आवरण कडक होऊन गळतंय का? तसं असेल तर रॉड शाबूत असण्याची शक्यता मोठी. करपलेला तुकडा कापून, नवं थिंबल दाबून बसवायचं. इथे कथिलाचा डाग देऊ नका. साधं कथील १८३ अंशांच्या आसपास वितळतं, ओव्हन त्याहून जास्त तापतो. काळी चिकटपट्टीही नको.

६. रॉड एकेक सुटा मोजा

रॉडच्या एका टोकाची वायर काढा आणि दोन टोकांमध्ये ओहम मोजा. आकडा आला तर रॉड जिवंत, एकटा १ आला तर गेला.

दुसरं माप कुणी घेत नाही, तुम्ही घ्या. मीटर सर्वांत वरच्या ओहमवर नेऊन एक टोक रॉडच्या पिनेला आणि दुसरं रॉडच्या स्टीलच्या अंगाला लावा. इथे मात्र एकटा १ आला पाहिजे. कुठलाही आकडा आला, तर आतली वीज बाहेरच्या नळीपर्यंत झिरपते आहे. रॉड तापत असला तरी तो वापरायचा नाही. ओव्हनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्याचं एक कारण हेच. दुसरं कारण, घराला अर्थिंगच नसणं. शहापूर-वडगावातल्या जुन्या कौलारू घरांत अजून दोन तारांचं वायरिंग सापडतं. तिथे ओव्हन लावण्याआधी अर्थिंग करून घ्या, रॉडचं नंतर बघू.

७. पावसाळ्यानंतर स्विच खाली पडतोय?

आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत, भिंती ओल धरतात. चार महिने बंद ठेवलेला ओव्हन गणपतीत किंवा दसऱ्याला लावला, की मुख्य बोर्डावरचा ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) खटकन पडतो. पुष्कळजण लगेच रॉड फेकून देतात. रॉडमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी हवेतली ओल शोषते, आणि ओल असेपर्यंत थोडी वीज अंगापर्यंत झिरपते. घरचा ईएलसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअरला पडतो, तेवढी गळती ओल्या रॉडमधून सहज होते.

अशा वेळी ईएलसीबी काढून टाकणं किंवा अर्थची पिन कापणं हा जिवाशी खेळ आहे. आमच्या ओळखीच्या एका घरी तसं करून दिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या हातानं दार उघडणाऱ्या मुलीला धक्का बसला. ती वाचली. ती पिन त्याच संध्याकाळी परत बसवली.

योग्य उपाय असा: रॉड सुटा काढून दुसऱ्या कुणाच्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवायचा, थंड झाल्यावर पिनेपासून अंगापर्यंतचं माप पुन्हा घ्यायचं. शक्य असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं (बारीक गळती पकडणारं मीटर) तपासून घ्या, साध्या मीटरला थोडी ओल कळत नाही. वाळवूनही गळती राहिली तर रॉड बदला. पुढच्या पावसाळ्यात ओव्हन आठवड्यातून एकदा दहा मिनिटं रिकामा तापवत जा, ही वेळ येणार नाही.

८. नवा रॉड घेताना

माझी खरी चूक इथे झाली, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्या मेकॅनिकनं खालचा मेलेला रॉड काढला, लांबी जुळवून नवा बसवला, पैसे घेतले. ओव्हन चालू झाला, पण नानकटाई खालून ओलीच. नवा रॉड तापायचा, त्याच्या शेजारचा जुना जेमतेम कोमट. तो म्हणाला, “आक्का, दुसरा पण गेलाय.” दुसरा गेला नव्हता.

बऱ्याच ओटीजींमध्ये वरचे दोन आणि खालचे दोन रॉड एकापाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात. २३० व्होल्ट दोघांत वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला ११५. म्हणून एक तुटला की जोडी बंद पडते आणि दोन्ही मेल्यासारखे दिसतात. माझा प्रत्येक रॉड ११५ व्होल्टचा, ३७५ वॅटचा, म्हणजे ३५ ओहमचा. मेकॅनिकनं बसवला २३० व्होल्टचा ३७५ वॅटचा, म्हणजे १४१ ओहमचा. दोघे मिळून १७६ ओहम झाले आणि ७५० वॅटच्या जागी फक्त ३०० वॅट उरले. वॅट तेच, लांबी तीच, आणि रॉड चुकीचा. उलट चूक आणखी वाईट: ११५ व्होल्टचा रॉड सरळ २३० वर लावला तर चौपट वॅट ओढतो आणि काही मिनिटांत जळतो.

सिरीज कशी ओळखायची? एका बाजूला दोन रॉडची टोकं पट्टीनं जोडलेली असतात आणि त्या पट्टीला दुसरी कुठली वायर येत नाही, तर दुसऱ्या बाजूला प्रत्येक रॉडला स्वतंत्र वायर असते. ही सिरीज. दोन्ही बाजूंना पट्टी आणि दोन्ही पट्ट्यांना वायर असेल तर प्रत्येक रॉड पूर्ण २३० चा.

दुकानात जाताना जुना रॉड आणि त्याच्या शेजारचा जिवंत रॉड, दोन्ही घेऊन जा. मी खडे बाजार पालथा घातला, मग उद्यमबागेकडे गेले, शेवटी जोडी कोल्हापूरहून येणाऱ्या भाच्याकडून मागवली. वहीत एवढं लिहून न्या: व्होल्ट, वॅट, जिवंत रॉडचे ओहम, टोकापासून टोकापर्यंतची लांबी, जाडी (दुकानात ‘दोन सूत’ असं बोलतात, एक सूत म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर), आणि टोक आट्यांचं आहे की चपटं. दोन रॉड जुने झाले असतील तर जोडीच बदला, वॅट सारखे राहतात.

चिकोडी-हुक्केरीकडे किंवा हुबळीला दुकानदार कानडी बोलणारा असेल तर अडत नाही. रॉड, वायर, अर्थ हे शब्द त्यांचेही तेच. “रॉड बिसि आगल्ला” म्हणजे रॉड तापत नाही, “वॅट एष्टु?” म्हणजे किती वॅट, आणि “बिल कोडी” म्हणजे बिल द्या. बिलावर व्होल्ट आणि वॅट लिहून घ्या, ते लिहिलेलं नसेल तर चुकीचा रॉड परत करताना वाद होतो. पैसे देण्याआधी दुकानातच मीटर लावा. माझ्या दुसऱ्या खेपेला तीन रॉडपैकी एक डब्यातूनच तुटलेला निघाला.

९. बसवणं

फोटो समोर ठेवून उलट्या क्रमानं जा. क्वार्ट्झचा रॉड उघड्या हातानं धरू नका. बोटांचा घाम-तेल काचेवर राहिलं की तापल्यावर तिथेच काच खराब होते. बोट लागलंच तर स्पिरिटनं पुसा आणि पूर्ण सुकू द्या. स्टीलचा रॉड भोकात इतका ताठ अडकवू नका की त्याला हलायला जागाच उरणार नाही. तापल्यावर तो लांबतो, थोडी सैल जागा हवी. टोकांचे स्क्रू मात्र घट्ट, पण चिनी मातीचा मणी फुटेल इतके नव्हे. वायर आतल्या भिंतीच्या पत्र्याला टेकता कामा नये.

झाकण लावण्याआधी दोन मापं: प्लगच्या पिनांमध्ये तिसऱ्या पायरीप्रमाणे ओहम, आणि अर्थच्या जाड पिनेपासून ओव्हनच्या बिनरंगाच्या पत्र्यापर्यंत एका ओहमपेक्षा कमी. दुसरं माप जमत नसेल तर हिरवी वायर परत लावायची राहिली आहे. झाकणानंतर एकदा प्लगच्या दोन्ही बारीक पिनांपासून पत्र्यापर्यंतही सर्वांत वरच्या ओहमवर बघा, तिथे एकटा १ हवा.

१०. पहिली तापवणी

ओव्हन खिडकीपाशी ठेवा, आत काही नको. दोनशे अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं चालवा आणि तेवढा वेळ तिथून हलू नका. नव्या रॉडवरचं तेल जळून थोडा धूर आणि वास येतो, तो पहिल्या दोन वेळांत जातो. प्लास्टिक जळल्यासारखा वास आला, स्विच पडला किंवा ठिणगी दिसली तर सॉकेटचा स्विच बंद करा, नंतर प्लग काढा. पंचवीस मिनिटांनी बंद करून प्लग हाताला किती गरम लागतो ते बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

सगळं ठीक असेल तर चारच नानकटाया करून १६० अंशांवर भाजा आणि एक उलटी करून बघा. तळ सगळीकडे सारखा बदामी हवा. अर्धा पांढरा राहिला तर जोडीतले दोन रॉड सारखे नाहीत, सहाव्या पायरीवर परत या. माझ्या ओव्हनच्या पाठीवर आता मार्करनं लिहिलेलं आहे: खाली सिरीज, ११५ व्होल्ट, ३७५ वॅट, ३५ ओहम, आणि बदलल्याची तारीख. तुमच्याही लिहा, पुढच्या वेळी ओव्हन उघडणारा माणूस कदाचित दुसराच असेल.